तिसऱ्या हाकेनंतरचं पान

वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या गळ्याचा मला कधीच हेवा वाटला नाही. गळा कुणाला असतो, कुणाला नसतो, मला नाही. हेवा वाटायचा तो माझी मुलगी त्यांना ‘मावशी’ म्हणायची त्याचा. मावशी म्हणजे आईची बहीण. मला बहीण नाही, आणि असती तरी ती माझ्या मुलीनं परस्पर निवडलेली नसती.

सिंगापूरच्या क्लेमेंटीत आमचा फ्लॅट नवव्या मजल्यावर आहे, त्यांचा अकराव्या. नवरा बँकेत, मी विद्यापीठात, दोघंही दिवेलागणीनंतरच घरी येतो. त्यामुळे मुलगी शाळेतून आली की थेट वर जाते. बाई माझ्याहून बऱ्याच मोठ्या. त्यांनी नोकरी सोडली आणि त्याच सुमारास त्यांचा मुलगा एनएसमध्ये, म्हणजे इथल्या सक्तीच्या लष्करी सेवेत गेला. सुटीला घरी येतो तो फक्त झोपायला. तेव्हा त्याच म्हणाल्या होत्या, “अगं, पाळणाघर कशाला शोधतेस? पाठव की माझ्याकडे. मलाही घर खायला उठतं.” मी उपकार मानले. अजूनही मानते. उपकार मानून झाले की मग हेवा करते असं काही नाही. दोन्ही बरोबरच चालतं.

माझ्याशी मुलगी इंग्रजीत बोलते. मी मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, हे आमच्यात ठरून गेलं आहे. रोज जेवणाच्या वेळी मी हाक मारते, “जेवायला ये गं.” बंद दारामागून उत्तर येतं, “कमिंग लाह!” ‘लाह’ हे इथल्या इंग्रजीला लागणारं शेपूट. ती येत नाही. मी पुन्हा हाक मारते. पुन्हा “कमिंग लाह!” तिसऱ्या हाकेला माझा आवाज चढतो, तेव्हा कुठे दार उघडतं. पुण्याहून आई फोनवर विचारते, पोरीला मराठी येतं की नाही? मी सांगते, समजतं सगळं. इथल्या सगळ्याच आया हे सांगतात.

एकदा विद्यापीठातली मीटिंग रद्द झाली म्हणून मी लवकर परतले आणि तिला आणायला वर गेले. दार उघडं होतं, नुसती जाळी लावलेली. आतून आवाज आला, “मावशी, गूळ अजून घाल गं, असा काय कंजूसपणा!”

आधी मला कळेचना, ही कोण बोलते आहे. मग कळलं. माझी मुलगी. ‘कंजूसपणा’ हा शब्द तिला येत होता. तो मी शिकवलेला नव्हता. मी बूट न काढता जाळीबाहेर उभी राहिले. मला आनंद व्हायला हवा होता, हे मलाही कळत होतं. झाला नाही. मी बेल वाजवली, तशी ती म्हणाली, “ममा, वाय सो अर्ली?”

माझं काम आहे स्कॉटलंडमधल्या जुन्या, स्वस्त पुस्तिकांवर. सिंगापूरला राहून स्कॉटलंड कशाला, हे मला टॅक्सीवाल्यांपासून सासूबाईंपर्यंत सगळ्यांनी विचारून झालं आहे. फेलोशिप इथे मिळाली आणि पुस्तिका आता पडद्यावर बघता येतात, एवढंच त्याचं उत्तर. एक मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापायचा, घड्या घालायच्या, झाली पुस्तिका. पुठ्ठा नाही, शिवण नाही. सुया, फिती आणि कंगव्यांबरोबर फेरीवाला त्या पेटीत घालून गावोगाव विकायचा. आत भुतं, फाशी गेलेले दरोडेखोर, नवराबायकोची भांडणं, आणि गाणी. गाण्यावर बहुतेक वेळा कवीचं नाव नसायचं, सूर लिहिलेले नसायचे. नुसतं वर छापायचं, अमुक चालीवर म्हणावं. चित्राचं तर विचारूच नका. छापखान्यात जो ठोकळा हाताशी असेल तो ठोकायचा. राणीच्या गोष्टीला जहाज, खलाशाच्या गोष्टीला घोडा. आपल्याकडे देवळाबाहेर आरत्यांची, व्रतकथांची, भोंडल्याच्या गाण्यांची पातळ पुस्तकं मिळतात ना, त्यांच्या या सख्ख्या चुलतबहिणी.

त्यातली मला सगळ्यात आवडणारी रीत म्हणजे, पुष्कळदा त्या न कापताच विकल्या जायच्या. घडीची वरची कड तशीच जोडलेली. घरी नेऊन, चुलीशी बसून, सुरीनं ती कड कापायची आणि मग आतलं वाचायचं. वर्गात मी हे सांगताना फार रंगते. आणखीही एक सांगते, की या गाण्यांना मालक नसतो, जो गाईल त्याचं ते गाणं, ओळी बदलल्या म्हणजे गाणं जिवंत आहे असं समजावं. विद्यार्थी लिहून घेतात.

आमच्या आणि आजूबाजूच्या ब्लॉकमधल्या मराठी बायका नवरात्रात खालच्या व्हॉइड डेकवर, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, भोंडला करतात. गेल्या वर्षी तो बाईंनी अंगावर घेतला होता. श्रावणात एका सत्यनारायणाला भेटलो तेव्हा म्हणाल्या, “तू त्या जुन्या गाण्यांचंच काहीतरी करतेस ना गं? मग आम्हाला एक नवं दे की. तुझ्या इंग्रजांकडचं.”

“इंग्रज नव्हे, स्कॉटिश,” मी म्हटलं.

“तेच ते.”

मी एका पायावर तयार झाले. भोंडल्यासाठी नव्हे. माझ्या डोक्यात एक चित्र होतं, ते मी कुणाला सांगितलं नाही: फेर धरलेला आहे, मी आणि माझी मुलगी शेजारी शेजारी आहोत, आणि ती मला मराठीत उत्तर देते आहे. गाणंच मी तसं निवडलं. एक आई दारात उभी राहून मुलीला हाक मारते. मुलगी उत्तर देते, पण दर वेळी आणखी लांबून. तिसऱ्या हाकेला उत्तर येत नाही. गाणं कुणाचं ते छापलेलं नव्हतं, कुणालाच माहीत नाही. मी ते मराठीत आणायला रविवारच्या रविवार बसले:

‘ये गं लेकी घरी, झाली सांज दारी.’
‘आले असते आई, पण मी नदीच्या तीरी.’

‘ये गं लेकी घरी, दूध निवलं चुलीवरी.’
‘आले असते आई, पण मी नावेच्या वरी.’

‘ये गं लेकी घरी, मी अजून उभी दारी.’

आणि मग शेवट:

‘हाक गेली पाण्यावरी, उलट नाही आली घरी.’

आईची ओळ मी म्हणणार होते, लेकीची ती.

पुस्तिकाही मी अगदी रीतीप्रमाणे केली. एक मोठा कागद, दोन घड्या, आठ पानं. नेहमीची गाणी दुसऱ्या-तिसऱ्या पानावर, माझं गाणं बरोबर मधल्या जोडपानावर. तिसऱ्या हाकेशी पान भरलं, तर खाली उरलेल्या जागेत एक हत्ती टाकला, गाण्याशी काही संबंध नसलेला, जुन्या छापखानेवाल्यांसारखा. शेवटची ओळ पान उलटून पुढे. माझं नाव कुठेही घातलं नाही; या गाण्यांना नाव नसतं, मग मी कोण? वर फक्त छापलं, ‘चाल: संथ’. आणि वरची कड कापली नाही. प्रिंटवाला चिनी माणूस दोनदा म्हणाला, मॅडम, कट करून देतो. मी म्हटलं, नको, असंच हवं. गठ्ठा बाईंच्या हाती दिला आणि वाटून टाका म्हटलं.

त्या वर्षी माझ्या प्रकल्पाचा अहवाल नेमका नवरात्राच्या तोंडावर आला. गाण्याची तालीम बाईंकडे, दुपारी, मुलींना घेऊन. मी पहिल्या रविवारी पोचले तेव्हा तालीम चांगली चार-पाच दिवस चालू होती. लिफ्टमधून बाहेर पडतानाच ऐकू आलं. माझं गाणं, पण टाळ्यांवर, उडत्या चालीत, धावत सुटल्यासारखं.

“संथ लिहिलंय ना वर,” मी आत जाऊन म्हटलं.

“संथ चालीवर फेर कसा धरायचा गं? बायका झोपतील.” बाई खळखळून हसल्या. “बस तू, ऐक.”

मी बसले. बाई खोलीच्या मध्यभागी उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवला आणि हाक मारली, ‘ये गं लेकी घरी.’ माझी मुलगी बाल्कनीच्या दाराशी होती. तिनं मान वळवून गाईलं, ‘आले असते आई.’

आई. माझ्या मुलीनं, स्वच्छ मराठीत, दुसऱ्या बाईकडे बघून. मला ती ममा म्हणते.

त्या क्षणी मला बाईंचा राग आला, त्यांच्या कमरेवरच्या हाताचा राग आला, त्यांच्या घरातल्या गूळपोळीच्या वासाचासुद्धा राग आला. ती आईची ओळ माझी होती. मी मागितली असती तर त्यांनी दिलीही असती, पण मागायची कशी? मला आई होऊ द्या, असं म्हणायचं? शिवाय मला गाता येत नाही हे सगळ्या ब्लॉकला माहीत होतं. मी पाय जवळ घेऊन बसून राहिले आणि तिसरी हाक आली. आता उत्तर नसणार, एवढं तरी त्यांच्या हातून सुटलं, असं मनात आलं. तोच मुलगी धावत आली, बाईंच्या कमरेला मिठी मारली आणि गाऊन मोकळी झाली:

‘आले गं आई, आले घरी, पान मांड लौकरी!’

सगळ्या मुली टाळ्या पिटायला लागल्या.

“हे कुठून आलं?” मी विचारलं.

“मीच जोडलं. अर्धवट वाटत होतं गं ते,” बाई म्हणाल्या, अगदी सहज.

अर्धवट! मी शेवटच्या ओळीवर किती रविवार घालवले होते. उत्तर न येणं हाच तर सगळा जीव त्या गाण्याचा. मी मुलीची पिशवी उचलली आणि निघाले. घरी येऊन नवऱ्याला ऐकवलं, तर तो म्हणाला, “तूच सांगतेस ना, ओळी बदलल्या म्हणजे गाणं जिवंत?” मी दिवा मालवला.

पुढचे दिवस मी कामात डोकं घालून काढले, पण कानात तेच. आंघोळीला गेली की मुलगी न्हाणीघरात ‘पान मांड लौकरी’ म्हणायची. मी म्हटलं, जेवायला ये. “कमिंग लाह!” म्हणजे गाण्यातल्या आईला ‘आले गं आई’, आणि स्वयंपाकघरातल्या आईला हे. एकदा मी तिला म्हटलंसुद्धा, मला म्हणून दाखव ना ते गाणं. ती कानात इअरफोन घालत म्हणाली, “नॉट नाऊ, ममा. मावशी इज नॉट हिअर.”

भोंडल्याच्या दिवशी व्हॉइड डेकवर पाट मांडला, पाटावर रांगोळीचा हत्ती. पलीकडे दगडी टेबलाशी चिनी आजोबांचा बुद्धिबळाचा डाव चालू होता. ते अधूनमधून मान वर करून बघत होते. बायका वुडलँड्सहून आलेल्या, यिशुनहून आलेल्या, एमआरटी मेट्रोत डबे सांभाळत. मला फेरात बाईंच्या समोरची जागा मिळाली, म्हणजे मुलीपासून सगळ्यात लांबची. जुनी गाणी झाली. ती सगळ्यांना पाठ होती, पुस्तिका कुणी उघडलीच नाही. मग बाई म्हणाल्या, “आता आमचं नवं.”

आमचं.

फेर सुरू झाला. बाईंनी पहिली हाक मारली आणि खरं सांगते, खांबाखांबांतून तो आवाज असा फिरला की बुद्धिबळवाल्या एका आजोबांनी हातातलं प्यादं तसंच धरून ठेवलं. मुलीनं उत्तर दिलं. दुसरी हाक, दुसरं उत्तर. बायकांनी ताल धरला. तिसरी हाक.

उत्तर आलं नाही.

फेर थांबला. मुलगी पाटाच्या पलीकडे उभी, नजर खाली, ओठ घट्ट मिटलेले. बाईंना वाटलं विसरली. त्यांनी हसून पुन्हा हाक मारली, ‘ये गं लेकी घरी, मी अजून उभी दारी.’ नाही. कुणीतरी हळूच ‘आले गं’ असं सुचवलं. नाही. बाईंनी तिसऱ्यांदा तीच ओळ घेतली, आणि आता त्यांचा आवाजही जरा हलला. सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या, कारण मूल अडलं की आईकडेच बघतात.

मला तिचं ते खाली घातलेलं डोकं बघवेना. मी काय करते आहे हे कळायच्या आत माझ्या तोंडून हाक गेली. ओळ गाण्यातलीच होती, पण चाल नाही, सूर नाही, जेवायला बोलावताना तिसऱ्या खेपेला चढतो तो आवाज: “ये गं लेकी घरी! मी अजून उभी दारी!”

मुलीनं मान झटक्यात वर केली.

“कमिंग लाह!”

अख्खा व्हॉइड डेक हसला. बायका एकमेकींच्या खांद्यावर डोकी ठेवून हसल्या. प्रत्येकीच्या घरात तेच उत्तर येत असणार. आजोबा लोकही हसले. त्यांना तेवढंच कळलं होतं. मुलगी हसत हसत हत्तीला वळसा घालून आली आणि माझ्या कमरेला बिलगली. मी तिला असं धरलं की ती म्हणाली, “ममा, टू टाइट.”

खिरापत ओळखायची गडबड सुरू झाली तेव्हा मी तिला बाजूला घेतलं. विसरलीस का गं? ती इंग्रजीत म्हणाली, विसरले नाही, मावशीचा शेवट खोटा आहे; तुझ्या गाण्यात ती उत्तर देतच नाही, म्हणून मीही दिलं नाही. मग माझ्या हाकेला का दिलंस? तर म्हणाली, तू हाक मारलीस म्हणून. शिवाय तू इतकं भयंकर गात होतीस, सगळे बघत होते.

“माझा शेवट तुला कसा माहीत?”

तिनं पिशवीतून आपली पुस्तिका काढली. वरची कड शाळेच्या पट्टीनं कापलेली, वेडीवाकडी, पण कापलेली. पुढच्या पानावर माझी शेवटची ओळ, आणि तिच्याखाली तिनं पेन्सिलीनं एक छोटी नाव काढली होती.

बाई मागे येऊन उभ्या होत्या ते मला दिसलं नव्हतं. त्यांनी पुस्तिका हातात घेतली, वाचली, मग आपली काढली. हळदीचे डाग पडलेली, हाताळून मऊ झालेली, आणि वरची कड जशीच्या तशी जोडलेली. त्यांनी बंद पानांत बोट घातलं, कागद फुगवून आत वाकून बघितलं. “अगं बाई, आत आणखी आहे होय! मला वाटलं हत्तीशी संपलं. कापायचं असतं हे सांगायचं तरी!”

“वाचणाऱ्यानं कापायचं असतं,” मी म्हटलं.

पण त्या माझं ऐकत नव्हत्या. त्या मुलीकडे बघत होत्या. “तुला ठाऊक होतं? इतके दिवस? आणि मला बोलली नाहीस?”

मुलीनं खांदे उडवले. बाईंनी हसल्यासारखं केलं, पण तो चेहरा माझ्या चांगलाच ओळखीचा होता. त्यांच्या जाळीबाहेर बूट घालून उभी होते तेव्हा माझाही तोच झाला होता. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. मग त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली, ‘उलट नाही आली घरी’, पुस्तिका मिटून पर्समध्ये ठेवली आणि म्हणाल्या, “चला, मुलगा उठला असेल, त्याला खिरापत नेते.”

माझा आनंद फार टिकला नाही. बाई हुशार. त्याच नवरात्रातल्या पुढच्या भोंडल्याला, दुसऱ्या ब्लॉकमध्ये, त्यांनी तिसऱ्या हाकेनंतर सगळ्या मुलींकडून एका सुरात ‘कमिंग लाह’ म्हणवून घेतलं. कुणीतरी व्हिडिओ केला. तो वुडलँड्सला गेला, यिशुनला गेला, मग कुठे कुठे. दिवाळीच्या सुमारास आमच्या लिफ्टमध्ये एक अनोळखी मराठी बाई आपल्या लहानगीला घेऊन चढली. “ये गं लेकी घरी,” बाई गुणगुणली, आणि ती चिमुरडी चालीत ओरडली, “कमिंग लाह!” दोघी खूश. माझ्या ओठांवर आलं होतं, अहो, ते आमच्या घरातलं उत्तर आहे, बंद दारामागचं, रोजचं, तुम्हाला कुणी दिलं? नववा मजला आला. मी उतरले.

घरी येऊन पोळ्या लाटल्या, भाजी गरम केली, ताटं घेतली आणि दाराकडे तोंड करून हाक मारली, “जेवायला ये गं.”

काही नाही. मी पुन्हा हाक मारली. तरीही काही नाही. ते नेहमीचंसुद्धा नाही. मी तिच्या दाराशी गेले. म्हटलं, आता ‘कमिंग लाह’ पण नाही का?

“एव्हरीवन सेज दॅट ऑलरेडी,” आतून कंटाळलेला आवाज आला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि दार उघडता उघडता ती गायला लागली:

“आले गं आई, आले घरी, पान मांड लौकरी!”

चाल बाईंची होती. ओळही बाईंची, माझं गाणं अर्धवट म्हणून जोडलेली. ‘आई’ मात्र ती माझ्याकडे बघून म्हणाली. मी पान मांडलं.